मधात ये

चप्पल तिथंच काढ, सिस्टर, चिंचेखाली.
कोणी नेत नाई. नेली तं सकाळी
दवाखान्याच्या पायरीवर तोच आणून ठेवीन.

अशी भिंतीले टेकून काऊन उभी राह्यली?
फोन आत ठेव.
फोटो काढणाराशी आमचं वैर नाई,
पण एका हातानं घेर धरता येत नाई.

ढोल अजून थंडा आहे.
सोनेराव त्याले पऱ्हाटीच्या जाळावर शेकून राह्यला,
कानाजवळ नेते, टिचकी मारते, पुन्हा शेकते,
जसं पोट दुखणाऱ्या लेकराले
एरंडाचं पान शेकून लावावं.
पेपरेवाला आयतू तिकडं चूळ भरून राह्यला.
तवरक सांगते.

दोन पावलं आत, एक बाहेर,
आन गुडघा जरासा नमवायचा,
ठेंगण्या दारातून घरात शिरतानी
मान नमवतो ना, तेवढाच.
झालं.
बाकीचं ढोल सांगते.

तू मोजून राह्यली. ओठ हालतेत तुहे.
गोळ्या मोज, बीपी मोज, लेकराचं वजन मोज,
हे नोको मोजू.
मोजणारा एक पाऊल मागंच ऱ्हायते.

मागच्या उन्हाळ्यात बोअरची गाडी आली होती,
पार तामिळनाडूची.
तिच्यावरचा एक पोरगा, सेल्वम का काय.
ना त्याले आमची बोली, ना आमाले त्याची.
तीनशे फुटावर बी धूळच निघाली,
साऱ्या पोडाच्या ताटात पडली.
रात्री तो घेरात होता.
पाय चुकले, खांदे नाई चुकले.
जातानी पोचूबाईले अम्मा म्हणला.
ते भोक अजून आहे शाळेमागं,
दगड ठेवला त्याच्यावर, लेकरं पडू नाई म्हणून.

आन एक तलाठी होता.
तीन सालं त्या खुर्चीवर बसून पाह्यलं त्यानं,
टाळ्या वाजवल्या. चांगला माणूस.
काय नाव होतं वं त्याचं, पोचूबाई?
पाय, तिलेबी आठवत नाई.

मी तरी कुठं इथली?
आदिलाबादकडून आली, लगन होऊन.
नाच येत होता मले, मोठा गर्व होता त्याचा.
पण आमच्या गावात घेर फिरे डावीकडं
आन इथं उजवीकडं.
रातभर सासूच्या पायावर पाय देत होती मी.
सासू काईच बोलली नाई.
सकाळी तिच्या अंगठ्याचं नख काळं.
चूल सारवतानी, पाणी भरतानी,
महिनाभर मी तेच नख पाहात होती,
ते हाललं, गळलं, खालून नवं आलं कोवळं.
तवरक माहे पाय इकडं वळले होते,
कोणत्या दिवशी, ते काई ध्यानात नाई.

म्हणून मी शिकवत नाई कोणाले.
पोचूबाईचा हात सोडते,
आन मधात एक माणूस उभा करते, बस.
घेर तुटल्याबिगर
कोणाले आत घेता येते का?

ऐक.
तापलं चामडं.
कानानं नोको ऐकू, तळपायानं ऐक,
खालून येईन आवाज, मातीतून.
हा माहा हात. खरबरीत आहे,
कापूस येचून येचून बोटं फाटली.
आन हा पोचूबाईचा, पोळलेला,
मंगळवारी तूच मलम लावलं याले,
तवा कशी धरली होती मनगट, न भेता?
तोच हात आहे. तशीच धर.

चुकशीन.
सोनेरावही चुकते तिसऱ्या फेऱ्यात,
दरसाल, त्याच जागी,
आन आमी सारे त्याच्यासंगं चुकतो,
नाईतं त्याले एकट्याले वाईट वाटीन.

चाल, आला पेपऱ्याचा सूर.
कोणाचा पाय कोणाच्या पायावर पडते
ते सकाळी पाहू, नखं पाहून.
मलम तं तुह्याचजवळ आहे.